शिंकताना, भारा उचलताना लघवी गळते? ओटीपोटाचा तळ ओळखण्यापासून बळकट करण्यापर्यंत

तासगावकडच्या एक मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्चीवर बसेचनात. "बसा की मावशी," म्हटलं, तर म्हणाल्या, "नगं ताई, हुबीच बरी हाय." थोडा वेळ गुडघेदुखीचं बोलणं झालं. मग बरोबर आलेल्या सुनेला त्यांनी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर धाडलं आणि खरं दुखणं सांगितलं. शिंक आली की लुगडं ओलं होतं. वैरणीचा भारा डोक्यावर घेताना होतं. खुर्ची भिजेल या धास्तीनं त्या उभ्या होत्या. किती वर्षं झाली? "धाकटं पोर झालं तवापास्नं." धाकटं पोर 21 वर्षांचं झालं होतं.

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. असं ऐकलं की मला आजही वाईट वाटतं, कारण हे स्नायूंचं दुखणं आहे आणि स्नायू साठीतही शिकतात. आपल्याकडे मात्र बाई ते वयावर, बाळंतपणावर, नशिबावर टाकून मोकळी होते. एसटीनं जतला माहेरी जायचं टाळते, लग्नकार्यात पाणी पीत नाही, गडद रंगाची साडी शोधते.

दुसरी बाजूही आहे. मोबाईलवर बघून 'केगल', म्हणजे ओटीपोटाचा तळ आवळण्याचा व्यायाम, करणाऱ्या मुली हल्ली बऱ्याच येतात. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगल यांनी 1948 साली हा व्यायाम वैद्यकात रुळवला, म्हणून त्यांचं नाव. व्यायाम चांगलाच आहे. पण नुसतं ऐकून किंवा वाचून सुरू करणाऱ्या सुमारे तीनपैकी एका बाईला पहिल्या खेपेस तो बरोबर जमत नाही, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. काही जणी आवळायच्या ऐवजी खाली जोर देतात. त्यानं दुखणं वाढतं. म्हणून या लेखात मोजणी आणि वेळापत्रक उशिरा येईल. आधी तो स्नायू सापडला पाहिजे.

हा तळ असतो कुठे

पोट हा एक डबा धरा. वरचं झाकण म्हणजे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा पडदा), भिंती म्हणजे पोटाचे आणि पाठीचे स्नायू, आणि बूड म्हणजे हा ओटीपोटाचा तळ. पुढे जघनाचं हाड, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना आपण ज्यांवर बसतो ती हाडं. या चौकटीत हे स्नायू बाळाच्या झोळीसारखे ताणलेले असतात. झोळीत मूत्राशय, गर्भपिशवी आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग विसावलेला असतो. लघवीचा मार्ग, योनी आणि शौचाची जागा अशा तीन वाटा या झोळीतूनच बाहेर पडतात.

स्नायू आवळला की झोळी वर आणि पुढे उचलली जाते, तिन्ही वाटा मिटतात. सैल सोडला की लघवी-शौचाला वाट मिळते. यातले बहुतेक तंतू सावकाश, दिवसभर चिवटपणे काम करणारे आहेत. उरलेले झटक्यात आवळणारे. शिंक आली की या झटक्याच्या तंतूंची कसोटी लागते. म्हणूनच व्यायामात दोन प्रकार लागतात, लांब धरायचा आणि पटकन करायचा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं तिच्यावर उभं आहे. श्वास आत घेताना झाकण खाली येतं, तसा तळही थोडा खाली सैलावतो. श्वास सोडताना दोन्ही वर जातात.

हा तळ कशानं ढिला पडतो? गरोदरपणातलं ओझं, खालून झालेली बाळंतपणं (विशेषतः खूप कळा देऊन किंवा चिमटा लावून झालेली), वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, जुना खोकला, वाढलेलं वजन, पाळी जाताना होणारे बदल, आणि वाकून, श्वास कोंडून उचललेली ओझी. सीझर झालं म्हणजे सुटलो असं नाही. नऊ महिन्यांचं ओझं त्याही तळानं पेललेलं असतं.

आधी 3 दिवसांची वही

व्यायामाआधी 3 दिवस एका कागदावर लिहा: किती वाजता लघवीला गेले, काय आणि किती प्यायले, कधी गळलं, गळताना काय करत होते. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. खोकला, शिंक, हसणं, भारा, दळणाचा डबा असं काही तिथे असेल तर ती दाबानं होणारी गळती. 'कुलूप उघडेपर्यंत थांबलंच नाही', 'नळाचा आवाज आला आणि झालं' असं असेल तर मूत्राशय घाई करतंय. पुष्कळ बायकांत दोन्ही असतं. दिवसात साधारण 8 वेळांपर्यंत लघवीला जाणं ठीक मानतात. एक ताई 17 वेळा जात होत्या आणि त्यांना ते कागदावर बघेपर्यंत माहीत नव्हतं.

स्नायू शोधणं

दार लावून उताणं झोपा, गुडघे दुमडून पावलं जमिनीवर. एक हात पोटावर. 5-6 श्वास असे घ्या की पोट वर येईल आणि श्वास आत जाताना खालची जागा सैलावल्यासारखी वाटेल. घाई नको. दिवसभर पोट आत ओढून वावरणाऱ्या बाईला एवढं जमायलाच 2 दिवस लागतात.

आता श्वास सोडता सोडता, चारचौघांत वारा सरतोय आणि तो रोखायचाय, अशी मागची वाट हलकेच मिटा. ती मिटलेली वाट पुढे, जघनाच्या हाडाकडे ओढल्यासारखी वर उचला. पूर्ण ताकद लावू नका, निम्मी पुरे. मग सोडा. खाली पुरतं उतरलं, सैल झालं, असं जाणवू द्या. ज्यांनी योगवर्गात मूलबंध केला आहे त्यांना ही जाणीव ओळखीची वाटेल. पण तिथे बऱ्याचदा श्वास रोखून धरायला शिकवतात. इथे श्वास चालू ठेवायचा आहे.

बरोबर झालं की नाही हे पडताळायच्या तीन सोप्या रीती आहेत. हाताने आरसा धरून बघा: आवळताना योनी आणि शौचाच्या जागेमधला भाग आत-वर गेला पाहिजे. तो फुगून बाहेर येत असेल तर आपण कळ देतोय, तिथेच थांबा. दुसरी रीत, टॉवेलची गुंडाळी करून ती खुर्चीत उभी ठेवा आणि घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय सोडून तिच्यावर बसा. आवळल्यावर टॉवेलपासून अंग किंचित सुटल्यासारखं वाटतं. तिसरी, स्वच्छ धुतलेलं बोट योनीत ठेवून बघणं. बोटाभोवती पकड बसते आणि बोट आत ओढलं जातं. याला लाज वाटू देऊ नका. स्वतःचंच अंग आहे, ओळख असायला हवी.

चुका ठरलेल्या आहेत. ढुंगण घट्ट होतं, मांड्या एकमेकींवर दाबल्या जातात, पोट दगड होतं, श्वास अडकतो, भुवया वर जातात. ढुंगणावर हात ठेवून केलं की पहिली चूक लगेच कळते. मोठ्यानं आकडे मोजलेत तर श्वास अडकवताच येत नाही, ही माझी आवडती युक्ती.

लघवी करताना मध्येच धार थांबवून बघा, असं अजूनही सांगितलं जातं. एखाद्या वेळी स्नायू ओळखायला चालेल. त्याचा रोजचा व्यायाम करू नका. मूत्राशयाला 'सोड' आणि 'थांब' असे दोन्ही हुकूम एकदम मिळतात, लघवी मागे राहते आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते.

आवळण्याआधी सोडणं जमतंय का?

काही बायकांचा तळ ढिला नसतो, उलट सतत ताठलेला असतो. संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीची धार अडखळत सुरू होणं, शौचाला खूप वेळ लागणं, माकडहाडाभोवती ठणका, आणि आवळल्यावर सोडलेलं कळतच नाही, ही त्याची लक्षणं. अशा बाईनं केगल वाढवले की दुखणंही वाढतं. मूठ वळून बसलेल्या माणसाला आणखी मूठ वळ म्हणण्यासारखं ते आहे.

यांनी आवळायचं बाजूला ठेवावं. उताणं झोपून गुडघे छातीशी थोडे फाकवून धरावेत, किंवा गुडघ्यांवर बसून पुढे वाकून उशीवर डोकं टेकावं, आणि 5 मिनिटं नुसता पोटातून श्वास घ्यावा. असं रोज दोनदा. आणि या दुखण्याची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावं. ही पायरी वगळून पुढे गेलेल्यांना मला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं.

आपलं माप आणि 16 आठवडे

शेजारणीचं माप आपल्याला लागू पडत नाही. झोपून एकदा आवळा आणि पकड निसटेपर्यंत सेकंद मोजा. समजा 4 आले. मग तेवढीच पकड किती वेळा जमते ते बघा, मध्ये दुप्पट वेळ विसावा घेत. समजा 5 वेळा. शेवटी झटकन आवळ-सोड किती वेळा स्वच्छ होते? समजा 6. वहीत लिहा: 4 सेकंद, 5 वेळा, 6 झटके. हा तुमचा पहिला हप्ता. यापलीकडे ओढलं की मांड्या आणि ढुंगण मदतीला धावतात आणि ज्याला शिकवायचं तो स्नायू आराम करतो.

पहिले 3-4 आठवडे झोपूनच, दिवसातून 3 वेळा. वेळ घड्याळाशी बांधू नका, कामाशी बांधा. आमच्याकडच्या बायकांना हे चांगलं जमतं: सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, दुपारी पाठ टेकल्यावर, रात्री आडवं झाल्यावर. दर आठवड्याला 1 सेकंद किंवा 1 आवर्तन वाढवा. गाठायचं माप म्हणजे 10 सेकंदांची पकड, 8 ते 10 वेळा, आणि वर 10 झटके. पकड 8 वेळा, दिवसातून 3 वेळा, ही जगभरच्या मार्गदर्शक सूचनांतली किमान मात्रा आहे आणि ती निदान 3 महिने करायची आहे. अंग थोडं खाली आलेलं, म्हणजे गर्भपिशवी किंवा मूत्राशय योनीत उतरलेलं असेल तर निदान 16 आठवडे धरून चाला.

पाचव्या आठवड्याच्या सुमारास खुर्चीवर बसून करा. मग भिंतीला टेकून उभं राहून. उभं राहिलं की झोळीवर वरचं सगळं वजन येतं, त्यामुळे 8 सेकंदांची पकड 5 वर उतरेल. निराश होऊ नका, ते माप नव्या जागेचं आहे. दहाव्या आठवड्यानंतर चालताना, जिना चढताना.

पहिला महिना बहुतेकींना काहीच फरक दिसत नाही आणि नेमक्या तेव्हाच त्या सोडून देतात. मेंदू त्या काळात स्नायूची वाट पक्की करत असतो. गळणं कमी झाल्याचं साधारण 6 ते 8 आठवड्यांनी जाणवायला लागतं. पाळीच्या दिवसांत, सर्दी-खोकल्यात किंवा बागेत छाटणीची घाई असताना चार दिवस मागे गेल्यासारखं वाटेल. वही चालू ठेवा.

भारा उचलण्याआधी

झोपून 10 सेकंद धरता येतं आणि शिंकताना तरीही गळतं, अशा किती तरी जणी मी पाहिल्या. त्यांचा स्नायू बळकट झालेला असतो, पण वेळेवर हजर होत नाही. त्याला वेळ शिकवावी लागते. शिंक, खोकला, उचलणं या प्रत्येकाच्या क्षणभर आधी आवळायचं आणि जोर ओसरेपर्यंत धरायचं. नुसती ही एक सवय नीट लागली तरी काही जणींचं गळणं आठवड्याभरात कमी झाल्याचं आढळलेलं आहे.

सराव खोट्या खोकल्यानं करा. बसा, आवळा, हलकं खोका, सोडा. 10 वेळा. मग उभ्यानं, मग जोरात.

भाऱ्याचं तंत्र जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे निम्मं दुखणं तिथे आहे. बाई वाकते, भाऱ्याखाली हात घालते, श्वास कोंडते आणि झटक्यात उचलते. श्वास कोंडला की डब्याचं झाकण खाली दाबलं जातं आणि सगळा दाब बुडावर येतो. त्याऐवजी भाऱ्याजवळ पाय फाकवून उभ्या राहा, गुडघे वाकवा, भारा अंगालगत ओढा. श्वास घ्या. आता तळ आवळा, आणि तोंडानं 'हूं' करत श्वास सोडता सोडता उठा. सरळ झाल्यावर तळ सोडा. दिवसभर आवळून चालायचं नाही, तसं केलं तर तो थकून ऐनवेळी दगा देतो. डोक्यावर चढवताना दुसरीचा हात घ्या. एका मोठ्या भाऱ्याचे दोन करा. एक खेप वाढेल, पण तळावरचा भार निम्मा होईल. पाण्याची कळशी, सिलिंडर, दळणाचा डबा, कडेवर घ्यायचं मूल, बागेतले द्राक्षांचे क्रेट, सगळ्यांना हीच रीत.

त्या मावशींना हे जमायला वेळ लागला. चौदाव्या आठवड्यात भाऱ्याचं गळणं थांबलं. शिंकेचं कधीमधी होतं अजून, पण आता त्या खुर्चीवर बसून बोलतात.

घाई लागते त्यांच्यासाठी

लघवीची अचानक कळ आली की आपण पळतो. पळण्यानं मूत्राशय आणखी खवळतं. जागच्या जागी थांबा, शक्य असेल तर बसा, 5-6 वेळा झटकन आवळ-सोड करा, शंभरापासून उलटे आकडे मोजा. लाट ओसरते. ती ओसरल्यावर शांतपणे चालत जा. बरोबरीनं दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला 15 मिनिटांनी वाढवत साधारण 3 तासांपर्यंत न्या. याला निदान 6 आठवडे द्या. 'असू दे, जाऊन येते' ही घराबाहेर पडतानाची सवयही मोडा.

चहा आवरा. दिवसाचे 6-7 कप होत असतील तर 2-3 वर या. पाणी मात्र तोडू नका. शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायकांची अडचण मला कळते, ती त्यांची चूक नाहीच. पण लघवी दाट झाली की ती मूत्राशयाला झोंबते, घाई वाढते, शौचाला खडा होतो. सकाळी निघण्याआधी आणि परतल्यावर जास्त, मध्ये घोट घोट, एवढं तरी करा. एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहात अधांतरी राहून लघवी करू नका. मांड्या ताठ असल्या की तळ सुटत नाही आणि लघवी मागे राहते. पूर्ण उकिडवं बसा, किंवा कमोड असेल तर पुसून टेका.

शौचाचंही तेच. शौचाच्या वाटेला मागून वेढा घालणारा एक स्नायू असतो. उकिडवं बसलं की तो ढिला पडतो आणि वाट सरळ होते. गुडघ्यांमुळे कमोड घेतला असेल तर पायांखाली पाट ठेवा, कोपर मांडीवर टेकून पुढे झुका, तोंडानं श्वास सोडा, कुंथू नका. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी आपल्याकडे आहेच.

बाळंतिणीसाठी

गरोदरपणातच हा व्यायाम शिकलेलं सगळ्यांत चांगलं. बाळंतपणानंतर लघवी नीट होऊ लागली, नळी काढली असेल तर ती निघाली, की दुखणार नाही इतपत हलकं आवळ-सोड सुरू करता येतं. टाके असतील तर त्यानं सूज उतरायला मदतच होते. फार मोठा टाका असेल, किंवा लघवी होत नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सव्वा महिन्याच्या विश्रांतीची आपली रीत मला मनापासून पटते. पोट मात्र श्वास अडेल इतकं आवळून बांधू नये, दाब खाली जातो. आणि पोट कमी करायच्या घाईत तिसऱ्या महिन्यात उठाबशा, दोरीउड्या नकोत. आधी खोकताना कोरडं राहता आलं पाहिजे.

व्यायामावर थांबू नये अशा गोष्टी

लघवीत रक्त, जळजळ आणि ताप, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव, ही लक्षणं असतील तर आधी डॉक्टर. लघवी अजिबात होत नसेल, जांघेत बधिरपणा आला असेल, पायांतली ताकद अचानक गेली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. योनीत कोरडेपणा आणि आग असेल तर पाळीनंतरच्या बायकांना डॉक्टर तिथे लावायचं इस्ट्रोजेन मलम देऊ शकतात.

अंग बाहेर येत असेल, म्हणजे खाली गोळा हाताला लागत असेल, तर ते किती खाली आलं आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. थोडं असेल तर व्यायामानं जडपणा कमी होतो. जास्त असेल तर योनीत बसवायची रबरी किंवा सिलिकॉनची कडी मिळते, आणि शस्त्रक्रियाही असते. 'पिशवी काढून टाकू' एवढंच कानावर आलं तर घाईनं हो म्हणू नका. गर्भपिशवी काढल्यानं ढिला तळ घट्ट होत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या आणि व्यायाम, कडी या वाटांबद्दल स्वतःहून विचारा.

सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय हाताशी आहेत. स्त्रीरोगाच्या ओपीडीत 3 दिवसांची ती वही बरोबर न्या, सुनेला किंवा बहिणीला बरोबर घेतलंत तरी चालेल. आत गेल्यावर गुडघ्यापासून सुरुवात करू नका. पहिलं वाक्य हे असू द्या: "मला लघवी धरता येत नाही, मला तपासून घ्यायचं आहे."